जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स मिंट २२.२: आधी स्कॅनर जोडून बघा, मग ठरवा

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका होईल. दहा-अकरा वर्षं जुना, विंडोज १० वर अडकलेला आणि विंडोज ११ च्या यादीत न बसणारा डेस्कटॉप असेल, त्यावर मुख्यतः ब्राउझर, मेल, लेखन आणि हिशेबाच्या शीट एवढंच चालत असेल, तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमची सिनॅमन आवृत्ती बिनधास्त घाला. मात्र प्रोसेसर किती जुना आहे यावरून हा निर्णय घेऊ नका. कॅबिनेटच्या मागे कोणकोणत्या वायरी खोचलेल्या आहेत, त्यांच्या दुसऱ्या टोकाला काय आहे, यावर सगळं अवलंबून आहे. पुढचं सगळं लांबण लावलंय ते हे पटवण्यासाठी.

माझं मशीन इंटेल कोअर आय५-४५९० वर चालतं. हा चौथ्या पिढीतला, २०१४ सालचा. चार कोअर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर३ रॅम, १ टीबीची फिरती हार्ड डिस्क. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरमधलंच काम भागवतं. मी मुद्रितशोधन करते. त्यामुळे दिवसभर वर्डच्या फायली, पीडीएफ, बाजूला ब्राउझरमध्ये उघडलेले शब्दकोश आणि अधूनमधून कागदावरच्या दुरुस्त्या स्कॅन करून पाठवणं, एवढाच माझा संसार. गेम खेळत नाही, व्हिडिओ एडिट करत नाही.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. याचा अर्थ त्या दिवशी मशीन बंद पडलं असा नाही. ते आजही सुरू होतं. पण नवी भोकं सापडली की बुजवणारं कोणी नाही, आणि मी याच मशीनवरून बँकेचे व्यवहार करते. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेटची एक वर्षाची मुदतवाढ देऊ केली, त्यासाठी नाव नोंदवावं लागतं. ज्यांना आत्ता काहीच हलवायचं नाही त्यांच्यासाठी ती सोय ठीक आहे. मला मात्र ते वाण्याची उधारी पुढच्या महिन्यावर ढकलण्यासारखं वाटलं.

विंडोज ११ चं काय? त्याची मेख अशी की रॅम आणि डिस्कच्या अटी अगदीच सोप्या आहेत: ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा. अडतं ते टीपीएम २.० नावाच्या सुरक्षा चिपवर आणि प्रोसेसरच्या यादीवर. इंटेलची यादी ढोबळमानाने आठव्या पिढीपासून सुरू होते, एएमडीची रायझन २००० मालिकेपासून. माझा आय५ त्या रेषेच्या चार पिढ्या मागे. वेगाचा इथे संबंध नाही. आठव्या पिढीतला एखादा बारका दोन कोअरचा प्रोसेसर माझ्या आय५ पेक्षा मंद असला तरी यादीत बसतो.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण पुष्कळ लोक उगाच नवं मशीन घ्यायला निघतात. तुमचा डेस्कटॉप २०१८ किंवा त्यानंतरचा असेल आणि तरी "हा पीसी विंडोज ११ चालवू शकत नाही" असा संदेश येत असेल, तर आधी बायोस (मशीन सुरू होतानाची मूळ सेटिंग) उघडा. इंटेलच्या बोर्डावर पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम नावाची सोय असते. टीपीएम तिथे हजर असतो, फक्त बंद करून ठेवलेला असतो. दुसरं, विंडोज जुन्या पद्धतीने, म्हणजे एमबीआर या जुन्या मांडणीच्या डिस्कवर लेगसी बूटने घातलेलं असेल, तर विंडोजमध्येच असलेलं एमबीआर-टू-जीपीटी हे साधन डेटा न पुसता डिस्कची मांडणी बदलून देतं, आणि मग बायोसमध्ये यूईएफआय (मशीन सुरू करायची नवी पद्धत) चालू करता येतं. बॅकअप घेऊन करा. बऱ्याच जणांची गाडी एवढ्यावरच पुढे सरकते आणि त्यांना हे परीक्षण वाचायची गरज उरत नाही.

अटी चुकवून विंडोज ११ घालायचे मार्गही आहेत. रूफस नावाचा छोटा प्रोग्राम पेन ड्राइव्ह बनवताना टीपीएमची तपासणी काढून टाकायचा पर्याय देतो. चौथ्या पिढीवर तशी विंडोज ११ चालतेही. पण अटीत न बसणाऱ्या मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी नाही, असं मायक्रोसॉफ्टने स्पष्ट सांगितलेलं आहे, आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती अशा मशीनला सहसा आपोआप येत नाही, ती पुन्हा हातानेच घालावी लागते. ज्या अपडेटसाठी ही सगळी उठाठेव, तीच बेभरवशाची. म्हणून तो रस्ता मी सोडला. संगणक दुरुस्तीवाल्याने कॅबिनेट उघडल्याबरोबर "मॅडम, याच्यात आता काही राम नाही, नवीनच घ्या" असं सांगितलं होतं, तो सल्लाही बाजूला ठेवला.

आता कोणती ऑपरेटिंग सिस्टिम घालायची याच्या आधीचा मुद्दा. जुना डेस्कटॉप रडतो तो बहुतेक वेळा हार्ड डिस्कमुळे. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा. डिस्कच्या रकान्यात १०० टक्के आणि प्रोसेसर दहा-पंधरावर निवांत बसलेला दिसला की रोग कळला. फिरत्या डिस्कच्या डोक्याला इकडेतिकडे विखुरलेल्या बारक्या फायली गोळा करताना वेळ लागतो. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, त्यामुळे तो वेळ जवळजवळ नाहीसा होतो. मी २४० जीबीची साधी साटा (नेहमीच्या डिस्क केबलची) एसएसडी घातली आणि खरं तर निम्मं काम तिथेच झालं. जुनी विंडोज तशीच एसएसडीवर उतरवली असती तरी मशीन पळायला लागलं असतं. मिंटच्या कौतुकात एसएसडीचा हा वाटा वेगळा काढून ठेवायला हवा. लिनक्स घातल्यावर मशीन दसपट वेगवान झालं असं सांगणाऱ्या मंडळींना आधी विचारा, डिस्क बदलली होती का?

एसएसडी जोडताना बोर्डावरचं पोर्ट बघून जोडा. एच८१ चिपसेटवर साटाची चार पोर्ट असतात, त्यातली दोन ६ गिगाबिटची आणि दोन जुनी ३ गिगाबिटची. माझ्या बोर्डावर दोन्हींचे रंग वेगळे आहेत आणि शेजारी बारीक अक्षरांत आकडे छापलेले आहेत. जुन्या पोर्टात खोचली तर एसएसडी चालेल, पण मोठ्या फायलींचा वेग अर्ध्यावर येईल आणि कोणी तुम्हाला सांगणारही नाही. कॅबिनेट उघडलेलंच आहे तर बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरीही बदलून टाका, सीआर२०३२ म्हणून मिळते. ती मेली की वीज गेल्यावर मशीनची तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि मग ब्राउझर प्रत्येक सुरक्षित साइटला "प्रमाणपत्र वैध नाही" म्हणून नाक मुरडतो, अपडेटही अडकतात. लोक मग ऑपरेटिंग सिस्टिमला शिव्या घालत बसतात.

आता मिंट. हा प्रकल्प २००६ पासून चालू आहे. २२ ही मालिका उबंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्स सिस्टिमवर उभी आहे आणि तिला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. मी घातली ती २२.२, टोपणनाव झारा, सप्टेंबर २०२५ ची. मिंट तीन रूपांत येतं: सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई. अधिकृत किमान गरज २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा. आरामात चालवायचं तर ४ जीबी आणि १०० जीबी. ६४ बिटचा प्रोसेसर मात्र हवाच, ३२ बिटच्या मशीनला २२ मालिका चालत नाही.

मिंटची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ते घालण्याआधी वापरून बघता येतं. साइटवरून जवळपास ३ जीबीची फाइल उतरवायची, एचर नावाच्या प्रोग्रामने पेन ड्राइव्हवर लिहायची (पेन ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं), मशीन सुरू होताना बूट मेन्यूची कळ दाबायची आणि पेन ड्राइव्ह निवडायचा. कळ बोर्डागणिक वेगळी, एफ८, एफ११ किंवा एफ१२. यादीत एकच पेन ड्राइव्ह दोनदा दिसला तर गोंधळू नका. ज्याच्या आधी यूईएफआय लिहिलंय तो घ्या. दोन-तीन मिनिटांत पूर्ण डेस्कटॉप समोर येतो. हार्ड डिस्कला अजून हातही लागलेला नसतो. पेन ड्राइव्हवरून चालतं म्हणून थोडं रेंगाळतं, आणि मशीन बंद केलं की केलेलं सगळं पुसलं जातं. पण एखादं यंत्र तुमच्या घरात नांदणार की नाही हे इतक्या स्वच्छपणे सांगणारी सोय विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये नाही.

पुष्कळ जण इथे घाई करतात. डेस्कटॉप दिसला, वॉलपेपर छान आहे, ब्राउझर उघडला, चला घालून टाकू. असं करू नका. एक सकाळ मोकळी ठेवा आणि रोज वापरता त्या प्रत्येक वस्तूला काम लावा. मी काय काय केलं ते सांगते.

नेट आधी. लॅन केबल लगेच चालली. यूएसबी वायफाय डोंगल मात्र काही ओळखले जातात, काही नाही. सगळं त्यातल्या चिपवर अवलंबून. नेटच नसेल तर फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा, ते बहुतेक वेळा विनासायास चालतं आणि अडचणीतून बाहेर काढतं. मग आवाज: मागचं जॅक, पुढचं जॅक, दोन्हींत हेडफोन खोचून बघितला. वेबकॅम. मशीन झोपवून पुन्हा उठवणं, कारण जुन्या बोर्डांवर झोपलेलं मशीन काळा पडदा घेऊन उठायची शक्यता असते. माझं व्यवस्थित उठलं. इंटेलच्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) असतो, त्यामुळे स्क्रीनसाठी काहीच करावं लागलं नाही. जुनं स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेल्यांनी इथे जास्त वेळ द्यावा.

त्यानंतर डिस्क्स नावाचा प्रोग्राम उघडून जुन्या हार्ड डिस्कचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, बघितला. त्यात दोनच ओळी शोधायच्या: रीअलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेले तुकडे) आणि करंट पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे तुकडे). दोन्ही शून्य असतील तर डिस्कची तब्येत निदान त्या बाबतीत ठीक आहे. पेंडिंगचा आकडा वाढत असेल तर ऑपरेटिंग सिस्टिम बाजूला ठेवा आणि आधी फोटो, कागदपत्रं दुसरीकडे हलवा. माझे दोन्ही शून्य निघाले, हे पुढे कामाला आलं.

प्रिंटर जोडला, यूएसबीवरचा जुना लेझर. काहीही न विचारता कोपऱ्यात "प्रिंटर तयार आहे" असा निरोप आला आणि चाचणीचं पान बाहेर आलं. त्याच प्रिंटरने विंडोजवर ड्रायव्हरच्या सीडीसाठी किती छळलं होतं! नेटवर्कवरचे अलीकडचे प्रिंटर बहुधा ड्रायव्हरविनाच चालतात, कारण ते सगळे एकाच ठरावीक पद्धतीने बोलतात.

आणि मग स्कॅनर. सपाट काचेचा, स्वतंत्र, प्रिंटरपेक्षाही जुना. जोडला, मिंटचा डॉक्युमेंट स्कॅनर उघडला: कोणताही स्कॅनर सापडला नाही. यूएसबीच्या यादीत तो दिसत होता, म्हणजे वायर, पोर्ट सगळं शाबूत. लिनक्सवर स्कॅनरचं काम सेन नावाची यंत्रणा बघते आणि कोणती मॉडेलं चालतात याची लांबलचक यादी सेनच्या साइटवर आहे. प्रत्येकापुढे शेरा असतो: पूर्ण, चांगला, जेमतेम, किंवा अजिबात नाही. माझ्या मॉडेलपुढे शेवटचा शेरा. कंपनीने लिनक्सचा ड्रायव्हर कधी काढला नाही, आतल्या चिपची माहितीही कोणाला दिली नाही, त्यामुळे बाहेरच्या कोणाला तो लिहिता आला नाही. कंपनीचं नाव घेत नाही, कारण याच कंपनीची दुसरी मॉडेलं त्याच यादीत "पूर्ण" म्हणून मिरवतायत. तुमचं मॉडेल नेमकं कोणतं, तेवढंच महत्त्वाचं.

हे पेन ड्राइव्हवरच कळलं म्हणून तोडगा शांतपणे काढता आला. मिंट नव्या एसएसडीवर घातलं. जुनी हार्ड डिस्क विंडोज १० सह तशीच कॅबिनेटमध्ये राहिली, फक्त स्कॅनिंगसाठी. विंडोज चालू करायची तेव्हा लॅन केबल काढलेली असते. ती आता नेटवर जात नाही, स्कॅन करते, फायली डिस्कवर ठेवते आणि बंद होते. त्या फायली मिंटमधून उघडता येतात, कारण मिंट विंडोजची डिस्क वाचतं. उलट होत नाही. विंडोजला मिंटची डिस्क आपण होऊन वाचता येत नाही. एक गोष्ट मात्र विंडोजमध्ये बदलायला हवी: पॉवरच्या सेटिंगमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपते, आणि मग मिंट ती डिस्क फक्त वाचायला देतं, लिहू देत नाही.

प्रत्यक्ष घालण्यात सांगण्यासारखं फार नाही. इन्स्टॉलर भाषा, कीबोर्ड, वेळेचा पट्टा, नाव, पासवर्ड विचारतो. मल्टिमीडिया कोडेक घालायचे का, या चौकटीत खूण करा, नाहीतर काही व्हिडिओ चालणार नाहीत. चहा होईपर्यंत संपतं. फक्त एक सावधगिरी: माझ्यासारख्या दोन डिस्का ठेवणार असाल तर घालताना जुन्या डिस्कची केबल काढूनच ठेवा. इन्स्टॉलरला ती दिसलीच नाही तर चुकून पुसली जाण्याचा प्रश्न नाही आणि मिंटचा बूट लोडरही (सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम) तिच्यावर जाऊन बसत नाही. नंतर केबल जोडायची. विंडोज हवी तेव्हा बूट मेन्यूतून जुनी डिस्क निवडायची. दोघांत घड्याळावरून भांडण होतं तेवढं मिटवावं लागतं: विंडोज मशीनच्या घड्याळात स्थानिक वेळ धरते, लिनक्स जागतिक वेळ धरतं, त्यामुळे एकातून दुसऱ्यात गेलं की घड्याळ चुकतं. स्थानिक वेळ धर, असं मिंटला टर्मिनलमधल्या (आज्ञा टाइप करायच्या खिडकीतल्या) एका ओळीत सांगता येतं.

रोजच्या वापरात सिनॅमन इतकं ओळखीचं आहे की शिकायचं असं काही नाही. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेन्यू, उजवीकडे घड्याळ. चालू होऊन कामाला लागेपर्यंत अर्ध्या मिनिटाच्या आत. काही न उघडता रॅम एक-सव्वा जीबी व्यापलेली असते, बाकी सगळी ब्राउझरला मोकळी. मेन्यूंचं मराठी भाषांतर अर्धवट आहे, अर्धं इंग्रजी अर्धं मराठी बघवत नाही, म्हणून मी पूर्ण इंग्रजीच ठेवलं.

देवनागरी टंकनासाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांची प्रमाण कळरचना) आहे, वेगळं काही उतरवावं लागत नाही. माझी कसोटी नेहमी एकच असते: "दुसऱ्या" आणि "तऱ्हा". इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे दाबला की नुक्त्याचा र मिळतो, त्यापुढे हलन्त आणि य. तो अर्धा र नीट चंद्रकोरीसारखा यायला हवा, ‘य’ वर रफार चढला की "दुसर्या" होतं आणि माझ्या धंद्यात ती चूक. मिंटवर लिब्रे ऑफिस (वर्डच्या जागी वापरायचा प्रोग्राम) आणि फायरफॉक्स ब्राउझर दोन्हींत तो बरोबर आला. पीडीएफ काढल्यावरही टिकला.

पण ग्राहकांकडून येणाऱ्या वर्डच्या फायलींत बहुधा मंगल फॉन्ट असतो आणि तो विंडोजसोबत येतो, मिंटमध्ये नसतो. लिब्रे ऑफिस त्याच्या जागी हाताशी असलेला दुसरा देवनागरी फॉन्ट वापरतं. मजकूर अचूक दिसतो, ओळी मात्र वेगळ्या जागी तुटतात आणि पानं पुढेमागे होतात. इंग्रजीत ही अडचण कमी जाणवते, कारण कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो आणि केंब्रियाच्या जागी कॅलाडिया हे फॉन्ट येतात, त्यांच्या अक्षरांची रुंदी मुद्दाम तेवढीच ठेवलेली आहे. मंगलला असा जुळा भाऊ नाही. शुद्धलेखन तपासायला काही फरक पडत नाही; "पान १४, ओळ ६" असं लिहून दुरुस्त्या पाठवायच्या असतील तर मात्र पीडीएफच मागवा. वर्डमधल्या ट्रॅक चेंजेसच्या खुणा आणि समासातल्या टिपा लिब्रे ऑफिसमध्ये नीट येतात, परत पाठवल्यावर समोरच्याला वर्डमध्येही दिसतात. तक्ते आणि चौकटी ठासून भरलेल्या फायलींत रचना हलते. एक्सेलचे मॅक्रो वापरणाऱ्यांनी यावर विसंबू नये, काही चालतात, काही नाही.

युनिकोडच्या आधीच्या जमान्यातल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या जुन्या फायलींचं काय, असं विचारणारे माझे दोन सहकारी लगेच उभे राहतील. फॉन्टची फाइल होम फोल्डरमधल्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये टाकली की मजकूर दिसतो, छापताही येतो. पण त्यात नवं टंकन करायचं तर त्यासोबतचा प्रोग्राम विंडोजचा असतो. ज्यांचं पोट त्यावरच आहे त्यांनी विंडोज सोडू नये.

व्हिडिओबद्दल एक बारीक गोष्ट. लांबलचक व्याख्यानं बघताना कॅबिनेटचा पंखा घोंघावायला लागला. कारण असं की चौथ्या पिढीच्या ग्राफिक्समध्ये एच.२६४ हा व्हिडिओचा जुना प्रकार उलगडायची सोय आहे, पण यूट्यूब आता एव्ही१ आणि व्हीपी९ या नव्या प्रकारांवर भर देतं, आणि एव्ही१ उलगडायचं सगळं ओझं प्रोसेसरवर पडतं. फायरफॉक्समध्ये यूट्यूबकडून एच.२६४च मागणारं छोटं ॲड-ऑन मिळतं. ते घातलं आणि पंखा गप्प झाला. १०८० च्या वर मग जाता येत नाही. माझ्या मॉनिटरला त्याची गरजही नाही.

अपडेटच्या बाबतीत मिंटने मन जिंकलं. कोपऱ्यात ढालीचं चिन्ह असतं, नवीन काही आलं की त्यावर ठिपका दिसतो. आपण म्हणू तेव्हा घालायचं. काम चालू असताना "आता रीस्टार्ट होतंय" हा प्रकार नाही. टाइमशिफ्ट नावाचं साधन सिस्टिमची छबी काढून ठेवतं, बिघडलं तर मागे जाता येतं. पण त्याला बॅकअप समजू नका. ते मूळ सेटिंगमध्ये फक्त सिस्टिमच्या फायली घेतं, तुमची कागदपत्रं घेत नाही. ती वेगळ्या डिस्कवर स्वतः ठेवायची.

न आवडलेल्या गोष्टी? सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये एकच प्रोग्राम कधीकधी दोन रूपांत येतो, सिस्टिम पॅकेज आणि फ्लॅटपॅक (लागणारं सगळं सोबत घेऊन येणारं). नवख्या माणसाला कोणतं घ्यावं ते कळत नाही, आणि फ्लॅटपॅकचं पहिलंच डाउनलोड पाहून डोळे पांढरे होतात. मदत शोधायला गेलं की पहिल्या उत्तरात टर्मिनलमधल्या सहा ओळी चिकटवायला सांगतात, जरी तेच काम सेटिंगमध्ये माऊसने होत असलं तरी. हा दोष मिंटचा म्हणण्यापेक्षा त्याच्या जुन्याजाणत्या भक्तांचा, पण भोगायला नव्यांनाच लागतो.

ॲडोबीचे प्रोग्राम, डिजिटल स्वाक्षरीचे काही यूएसबी टोकन, फक्त विंडोजवर चालणारं हिशेबाचं सॉफ्टवेअर, खेळातली लबाडी पकडणारी यंत्रणा (अँटी-चीट) असलेले बरेचसे ऑनलाइन गेम, यातलं काही रोज लागत असेल तर मिंटच्या वाटेला जाऊ नका. नुसता ब्राउझरच लागत असेल तर गुगलचं क्रोमओएस फ्लेक्सही जुन्या मशीनवर चालतं, पण त्यात अँड्रॉइडची ॲप मिळत नाहीत, आणि मला तिथे काम करताना हात बांधल्यासारखं वाटतं.

४ जीबी रॅमवाल्यांनी सिनॅमनऐवजी एक्सएफसीई घ्यावं. दिसायला साधं आहे, पण कमी खातं. तरीही ब्राउझरचे दहा-बारा टॅब उघडले की कोणतीही सिस्टिम गुडघे टेकते, कारण खरी भूक वेबपानांची असते. त्यामुळे जमलं तर आधी रॅम वाढवा. एच८१ वर खाचा दोनच असतात आणि १६ जीबीच्या वर जात नाही. पट्टी डेस्कटॉपची डीडीआर३ मागा. डीडीआर४ ची खाच वेगळ्या जागी असल्याने ती बसतच नाही, आणि लॅपटॉपची पट्टी आकाराने लहान येते. जुनी पट्टी काढून तिच्यावरचा वेगाचा आकडा बघून घ्या, नवी त्याच वेगाची घेतली की झालं.